प्रारंभिक संख्याशास्त्राच्या अध्यापनात संघाधारित अध्ययन

प्रस्तावना

संख्याशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासक्रमातील विद्यार्थी सरासरी, प्रमाण विचलन व सहसंबंध गुणांक अचूक काढतो. परंतु त्या उत्तरावरून कोणता निष्कर्ष निघतो व कोणता निघत नाही, असे विचारल्यास तो अडखळतो. हे अंतर केवळ व्याख्यानाने भरून निघत नाही. या दृष्टीने संघाधारित अध्ययन पद्धतीचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कार्यपद्धती

अमेरिकेतील ओक्लाहोमा विद्यापीठात प्रा. लॅरी मायकेलसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस, वर्गातील विद्यार्थिसंख्या वाढल्यावर, ही पद्धती विकसित केली. यात शिक्षक स्वतः पाच ते सात विद्यार्थ्यांचे संघ बनवितो व ते सत्रभर कायम राहतात. नेमलेला भाग वाचून आल्यावर प्रत्येक विद्यार्थी बहुपर्यायी चाचणी एकट्याने सोडवितो. त्यानंतर तीच चाचणी संघ चर्चेने सोडवितो. दोन्ही गुण धरले जातात. संघाला लेखी हरकत घेता येते. उरलेल्या शंकांपुरतेच शिक्षकाचे व्याख्यान होते. पुढील बहुतांश वेळ उपयोजनात्मक प्रश्नांना मिळतो. सर्व संघांना एकच प्रश्न असतो, एकच पर्याय निवडावा लागतो आणि उत्तरे एकाच वेळी जाहीर होतात.

उदाहरण

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांत पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्के, तर स्त्री अर्जदारांपैकी सुमारे ३५ टक्के निवडले गेले. यावरून स्त्रियांना डावलले गेले असे म्हणता येईल काय? संघ ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘माहिती अपुरी’ असा फलक उंचावतात व आपल्या निवडीचे समर्थन करतात. त्यानंतर विभागवार तक्ता दिला जातो. एका मोठ्या विभागात पुरुषांचे प्रमाण ६२ टक्के, तर स्त्रियांचे ८२ टक्के आढळते. स्त्रियांचे अर्ज प्रवेश कठीण असलेल्या विभागांत अधिक होते, हे १९७५ मध्ये बिकेल, हॅमेल व ओकॉनेल यांनी दाखविले. सिम्पसनचा विरोधाभास अशा रीतीने व्याख्येआधी अनुभवास येतो.

मर्यादा

केवळ आकडेमोडीचा प्रश्न दिल्यास संघातील एकच विद्यार्थी तो सोडवितो व इतर पाहत राहतात. म्हणून प्रश्न निर्णयाचा असावा. असे प्रश्न रचण्यास शिक्षकाला बराच वेळ द्यावा लागतो. तयारीविना गुण मिळविणाऱ्यांना आळा घालण्यासाठी सहाध्यायींकडून होणारे मूल्यमापनही आवश्यक ठरते. शिवाय, गणनेचा स्वतंत्र सराव या पद्धतीत गृहीत धरता येत नाही. तो वेगळा द्यावा लागतो.

समारोप

पुढे बहुसंख्य विद्यार्थी संख्याशास्त्रज्ञ होणार नाहीत. मात्र आकड्यांच्या आधारे केलेले दावे त्यांना आयुष्यभर पारखावे लागतील. ती पारख वर्गातच घडावी, यासाठी एखाद्या घटकापासून या पद्धतीचा प्रारंभ करणे उचित ठरेल.