राखणीच्या जुन्या कुत्र्याशी नव्या पिल्लाची गाठ कशी घालावी

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या कमी पावसाच्या पट्ट्यात मेंढपाळी हा पुष्कळ कुटुंबांच्या चरितार्थाचा आधार आहे. पारनेर तालुक्यातील ढवळपुरीसारख्या गावांतून मेंढपाळांची मोठी वस्ती आहे. चाऱ्यासाठी वाडा हिंडत असता रात्री मेंढ्या वाघरीत घालतात व कुत्री बाहेरून राखण करतात. लांडग्याची अथवा बिबट्याची चाहूल प्रथम कुत्र्यालाच लागते. म्हणून जुना कुत्रा थकण्यापूर्वीच नवे पिल्लू आणून तयार करणे शहाणपणाचे असते. परंतु आणलेले पिल्लू तसेच मोकळे सोडल्यास जुना कुत्रा त्याच्यावर धावून जातो. कित्येकदा पिल्लू दगावते. वाचलेच तर भित्रे बनते व राखणीच्या उपयोगी पडत नाही.

भांडणाचे कारण

वाडा, भाकरीची जागा व धनी ही जुना कुत्रा आपलीच समजतो. परक्याला अटकाव करणे हेच त्याचे काम आहे. पिल्लू परके नाही, हे त्याला पटेपर्यंत धीर धरावा लागतो. पिल्लाने राखण शिकावयाची ती याच कुत्र्याच्या सोबतीने. म्हणून दोघांचे जुळणे महत्त्वाचे आहे.

आणण्यापूर्वी

पिल्लू आठ आठवड्यांचे होण्याआधी आईपासून तोडू नये. तथापि फार उशीरही करू नये; सुमारे तीन महिन्यांच्या वयापर्यंत पिल्लू ज्यांच्या सहवासात राहते, त्यांना ते आपले मानते. या काळात त्याला कोकरांजवळ ठेवावे. जुन्या कुत्र्यास रेबीजची लस टोचलेली आहे किंवा नाही, हे पाहावे. पिल्लास जंताचे औषध व सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून डिस्टेंपर आणि पार्व्हो या रोगांवरील लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयास टोचून पुढे नियमाने देत जावी.

पहिले दोन आठवडे

पिल्लू वेगळे बांधावे. त्याची भाकरीची व पाण्याची भांडी निराळी असावीत. जुलाब, उलटी, ताप अथवा नाकाडोळ्यांतून स्राव दिसल्यास पशुवैद्यकास दाखवावे. त्याच्या अंथरुणाचे गोणपाट जुन्या कुत्र्याजवळ आणि जुन्याचे पिल्लाजवळ ठेवावे; म्हणजे भेटीपूर्वीच एकमेकांचा वास ओळखीचा होतो. रात्री पिल्लू उघड्यावर एकटे बांधू नये. ते बिबट्याचे सहज भक्ष्य ठरते.

भेट कशी घडवावी

भेट वाड्यात न घडविता दूरच्या पडीक रानात घडवावी. दोन्ही कुत्र्यांची पोटे भरलेली असावीत. दोघा माणसांनी त्यांना सैल दोरीने धरून काही अंतर राखून एकाच दिशेने चालवावे व हळूहळू जवळ येऊ द्यावे. पाच-दहा मिनिटे पुरेत. सकाळ-संध्याकाळ काही दिवस असेच करावे. कुत्री अनेक असल्यास प्रत्येकाची भेट स्वतंत्र घ्यावी. सर्वांत शांत कुत्र्यापासून आरंभ करावा. नुकतीच व्यालेली कुत्री मात्र दूरच ठेवावी.

अंग सैल सोडून हुंगणे, शेपूट मोकळी हलविणे ही चांगली चिन्हे होत. मानेवरचे केस उभे राहणे, अंग ताठ करून एकटक पाहणे ही चाव्याची पूर्वसूचना होय. तसे दिसताच दोघांना शांतपणे दूर न्यावे. जुना कुत्रा नुसता गुरगुरला तर त्यास मारू नये. गुरगुरणे हा इशारा आहे. मारून तो बंद पाडल्यास कुत्रा इशारा न देताच चावू लागतो.

वाड्यात आल्यावर

भाकरी आधी जुन्या कुत्र्यास घालावी व पिल्लाचे खाणे दूर अंतरावर ठेवावे. हाडकावरून झुंज हमखास होते. मेलेल्या मेंढीचे डोके, काळीज, फुप्फुसे कोणत्याही कुत्र्यास कच्ची घालू नयेत. त्यांतून कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून चाऱ्यात मिसळून मेंढीच्या मेंदूत गाठी होतात आणि मेंढी एकाच जागी गोल फिरू लागते. काही पट्टकृमींची अंडी माणसासही अपायकारक असतात. असे अवयव खोल पुरावेत. काही आठवडे दोघांना देखरेखीवाचून एकत्र सोडू नये.

झुंज जुंपल्यास मधे हात घालू नये; पाणी ओतावे अथवा वरून घोंगडी टाकावी. माणसास दात लागल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद, चुना वा मिरची लावू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर घेतलेली लसच त्यास वाचवते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मेंढ्यांच्या लसीकरणासाठी वाड्यावर जाताना कुत्र्यांचीही विचारपूस करावी. पिल्लू आणण्याचा विचार असेल तेथे जुन्या कुत्र्याची लस आधी टोचून घ्यावी. जुन्याचा मान राखून व घाई टाळून आणलेले पिल्लूच पुढे वाघरीचे विश्वासू राखणदार होते.