शेवटच्या घराची तार

नव्वदच्या दशकात केबल टीव्ही घरोघरी आला, तेव्हाची एक तक्रार अनेकांना आठवत असेल. केबलवाल्याच्या खोलीशेजारच्या घरात चित्र लख्ख, आणि त्याच तारेच्या टोकाला असलेल्या घरात नुसत्या मुंग्या! विचारले की उत्तर ठरलेले : "तुमचं घर लाइनच्या शेवटी आहे हो." ते खोटेही नव्हते. तार वाचवायची तर एका घरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जावे लागते. गणितज्ञ अशा फांद्याफांद्यांच्या जोडणीला 'वृक्ष' म्हणतात.

सर्वांत कमी तारेचा वृक्ष कसा शोधायचा, हे कोडे चेकोस्लोव्हाकियातील मोराव्हिया प्रांतात सुटले. तिथे गावोगावी वीज न्यायची होती. वीज कंपनीतल्या एका मित्राने ओताकार बोरुव्का या तरुण गणितज्ञापुढे प्रश्न ठेवला आणि १९२६ साली त्यांनी उत्तर छापले. प्रत्येक गावाने आपल्या सर्वांत जवळच्या गावाशी तार जोडायची. त्यातून जे गट बनतील, त्यांनी पुन्हा जवळच्या गटाशी. सगळे एक होईपर्यंत. वाटते बाळबोध, पण याहून स्वस्त जोडणी निघत नाही.

पण स्वस्त म्हणजे जवळची नव्हे. डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९५९ साली अवघ्या तीन पानांच्या लेखात दोन प्रश्न सोडवले : कमीत कमी तार कशी लागेल, आणि दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता कोणता. एकाच लेखातले हे शेजारी प्रत्यक्षात मात्र भांडखोर आहेत.

समजा, मध्यभागी टेलिफोन केंद्र आहे आणि भोवती १० किलोमीटरवर ३१ गावे गोलाकार वसली आहेत, एकमेकांपासून दोन-दोन किलोमीटरवर. प्रत्येक गावाला केंद्रातून स्वतंत्र तार दिली तर ३१० किलोमीटर तार लागते. एकच तार बाहेर नेऊन पुढे गावागावांतून फिरवली तर ७० पुरते, पण शेवटच्या गावाचा आवाज ४० किलोमीटर फिरून केंद्रात पोचतो. आता गंमत पाहा. केंद्रातून एकाऐवजी चार तारा काढा, प्रत्येकीवर सात-आठ गावे. एकूण तार ९४ किलोमीटर आणि सर्वांत दूरचे गाव १८ वर! तार जेमतेम एक तृतीयांशाने वाढली, अंतर निम्म्याहून कमी झाले.

हा काही गोल नकाशाचा चमत्कार नव्हे. समीर खुल्लर, बालाजी राघवाचारी आणि नील यंग यांनी १९९५ साली दाखवले, की नकाशा कसाही असो, सुवर्णमध्य काढता येतो. स्वस्त वृक्षावरून गावोगाव फिरत जायचे. एखादे गाव ठरलेल्या मर्यादेपेक्षा लांब पडले, की त्याला केंद्राकडची थेट वाट जोडून द्यायची. प्रत्येक गावाचे अंतर कमाल दुप्पट चालणार असेल, तर तार किमान खर्चाच्या तिपटीत बसते. तिप्पट चालणार असेल, तर दुपटीत. ही हमी सरसकट याहून चांगली करता येत नाही, हेही त्यांनी सिद्ध केले. दुप्पट की तिप्पट, हे मात्र गणित सांगत नाही. तारेचे बिल भरणारा एक म्हणेल, शेवटच्या गावातला दुसरे.

वृक्षाला आणखी एक खोड आहे : फांदी तुटली की पलीकडचे सारे मुके. म्हणून कार्यालयांतल्या संगणक-जाळ्यांत जादा तारा आधीच टाकून ठेवतात. रेडिया पर्लमन यांनी १९८५ च्या सुमारास अशी पद्धत रचली, की जाळ्यातली यंत्रेच आपसांत निरोप पाठवून त्या तारांतून एक वृक्ष निवडतात आणि एखादी तार तुटली तर दुसरा. त्यांचा वृक्ष मुळापर्यंतची जवळची वाट पाहतो, तारेचा खर्च नाही; तारा टाकून झालेल्याच असतात.