विश्लेषण : वडिलांची फियाट पुन्हा रस्त्यावर आणताना… कायदा काय सांगतो? काम कुठून सुरू होते?

घरातला माणूस जातो आणि इमारतीखाली, ताडपत्रीखाली त्याची गाडी उरते. ती भंगारात देववत नाही, चालवताही येत नाही. अशा वेळी जुन्या गाड्यांच्या क्लबांतील हौशी मंडळी कुटुंबाच्या मदतीला येतात. पण हातात पाना घेण्याआधी कागद हातात घ्यावे लागतात.

फियाटच का?

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९५०च्या दशकात फियाट ११०० बनू लागली. तिचाच पुढचा अवतार १९७०च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाला. लोकांनी मात्र नाव बदललेच नाही, पद्मिनीलाही ते फियाटच म्हणत राहिले. उत्पादन थांबून दोन दशके उलटली. मुंबईतील अखेरची नोंदणीकृत काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये २० वर्षांची मुदत संपल्याने सेवेतून गेली. खासगी गाड्या मात्र अजून अनेक सोसायट्यांत उभ्या आहेत, बहुतेक बंद अवस्थेत.

मालकाच्या निधनानंतर काय करावे?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, गाडी वापरायची असल्यास मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवावे लागते आणि ३ महिन्यांत नमुना ३१ भरून वारसाच्या नावे हस्तांतरणाचा अर्ज करावा लागतो. सुतकाच्या आणि धावपळीच्या दिवसांत हे कोणाला सुचत नाही, हे खरे. त्यात गाडी १५ वर्षांहून जुनी असेल तर दर ५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, योग्यता तपासणी आणि पर्यावरण करही आलाच. बंद गाडीच्या बाबतीत हे सगळे बहुधा राहूनच गेलेले असते.

खरी अडचण वेगळीच असते. गाडीवर हक्क सगळ्या वारसांचा असतो. एका भावाने ती क्लबच्या हवाली केली, निम्मे काम झाले आणि मग बहिणीने हरकत घेतली, तर वाद गाडीपुरता राहत नाही. म्हणून सर्व वारसांची लेखी संमती आधी घ्यावी. खर्च कोणाचा आणि गाडी कोणाच्या ताब्यात राहणार, हेही तिथेच लिहून टाकावे.

‘व्हिंटेज’ नोंदणी मिळेल का?

जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली गाडीच व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. म्हणजे १९७२ची फियाट बसते, १९८५ची पद्मिनी बसत नाही. शिवाय व्हिंटेज गाडी रॅली, प्रदर्शन, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते. रोज भाजी आणायला नव्हे!

रंग आधी की ब्रेक?

कुटुंबाला आधी रंग हवा असतो, जाणकार मेकॅनिक आधी ब्रेक मागतो. मेकॅनिकचेच ऐकावे. वर्षानुवर्षे उभ्या गाडीला नवी बॅटरी लावून थेट स्टार्टर मारणे, ही सर्वात महागडी घाई. सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असू शकतात. आधी प्लग काढून आत थोडे तेल सोडतात, ते मुरू देतात आणि इंजिन हाताने फिरवून पाहतात. टाकीतले जुने पेट्रोल चिकट होऊन कार्ब्युरेटरची छिद्रे बुजवते, म्हणून टाकी रिकामी करून धुवावी लागते. ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, रबरी नळ्या तडकतात, क्लच प्लेट चिकटून बसते.

पत्रा सर्वात दगा देतो. या गाडीला वेगळी चॅसी नाही, बॉडीच भार पेलते. त्यामुळे दाराखालची पट्टी किंवा तळाचा पत्रा गंजला, तर तो केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही. त्यावर पुटी भरून रंग मारणारा कारागीर लगेच बदलावा. सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आजही पहिला पत्ता आहे. तिथे काय खरे आणि काय निव्वळ चकचकीत, हे ओळखणारा जुना माणूस क्लबमध्ये असतो आणि क्लबचा खरा उपयोग तोच.

काय बदलू नये?

इथे क्लब आणि कुटुंब यांची मते फुटतात. स्पर्धेच्या दृष्टीने डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती, झिजलेले स्टीअरिंग, मागच्या सीटला दिलेले शिंप्याचे ठिगळ हे सगळे दोष असतात. घरच्यांना मात्र तेच हवे असते. काम सुरू होण्याआधी गाडीचे आतून-बाहेरून फोटो काढावेत आणि ‘याला हात लावायचा नाही’ अशी यादी मेकॅनिकला द्यावी. एकदा कचऱ्यात गेलेले ठिगळ सीएसटी रोडवरही मिळत नाही.