मिरजेचा मिशन दवाखाना

मिरासाहेबांचा दर्गा, सतारी आणि दवाखाने ही मिरजेची ओळख. त्यातल्या दवाखान्यांची परंपरा १८९४ साली सुरू झाली. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे रुग्णालय त्या वर्षी इथे उघडले.

त्याचे संस्थापक डॉ. विल्यम जेम्स वॉन्लेस मूळचे कॅनडाचे. न्यूयॉर्कमधून पदवी घेऊन १८८९ मध्ये ते पत्नी मेरी यांच्यासह सांगलीत आले आणि तिथे त्यांनी छोटा दवाखाना थाटला. पण सांगलीला तेव्हा रेल्वे नव्हती. १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटा सुरू झाला आणि मिरज जंक्शन झाली. मोठे रुग्णालय उभे राहिले ते तिथेच. त्यासाठी पैसा दिला फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी. ते रेल्वे इंजिने बनवणाऱ्या बाल्डविन कारखान्याचे भागीदार होते.

वॉन्लेस यांचे नाव गावोगाव पोचवले ते मोतीबिंदूने. त्याआधी गावात फिरते लोक येत, डोळ्यात सुई घालून मोतीबिंदू नुसता आत ढकलत. चार दिवस बरे दिसे, मग पुष्कळदा डोळाच जाई. इथे कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करत, बुबुळाच्या कडेला छेद घेत आणि गढूळ झालेले भिंग बाहेर काढत. टाक्यांची सोय नसल्याने जखम आपोआप भरून येईपर्यंत रोग्याने डोळे बांधून निश्चल पडून राहायचे. पट्टी सुटली की दिसू लागलेला म्हातारा गावी परते, आणि पुढच्या गाडीने त्याच्या गावचे आणखी कोणी मिरजेला निघे.

धर्मप्रसार हा मिशनचा हेतू होता आणि तो उघड होता. तरीही या संस्थेचे सर्वांत दूरगामी काम मला वेगळेच वाटते. रुग्णालय उघडून तीनच वर्षे झाली असताना, १८९७ मध्ये, वॉन्लेस यांनी इथल्या तरुणांसाठी वैद्यकीय शाळा काढली. एका कुशल शल्यचिकित्सकाचे हात कितीही चालले तरी ते दोनच. शिकवून तयार केलेले हात मात्र दूरदूरच्या मिशन दवाखान्यांत कामाला लागले. पुढे कुष्ठरोग्यांसाठी आश्रम झाला, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. या आरोग्यधामाच्या परिसराला आजही वॉन्लेसवाडी म्हणतात.

१८८९ मध्ये आलेले वॉन्लेस १९२८ मध्ये निवृत्त झाले; त्याच वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. संस्थापक गेल्यावर अनेक संस्था ओसरतात. ही टिकली, कारण शिकवणे हा तिचा रोजचा धर्म झाला होता. १९६२ मध्ये मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेही याच रुग्णालयाच्या सहकार्याने.