हरभऱ्याच्या मुळाचा पत्ता

रब्बीचा हरभरा सरत्या ओलीवर येतो. विहिरीला पाणी असलं तर एखादी पाळी मिळते, नाहीतर जमिनीत आहे तेवढंच. अशा वेळी ज्याचं मूळ झपाट्यानं खाली जातं त्याचे घाटे भरतात, हे कोरडवाहू शेतकऱ्याला सांगायला नको. आम्हा पैदासकारांपुढचा प्रश्न पुढचा असतो. हरभऱ्यात गुणसूत्रांच्या आठ जोड्या आणि सुमारे २८ हजार जनुकं आहेत. त्यात हा गुण नेमका कुठं बसलाय? शोधायच्या मुख्य वाटा तीन. दरवर्षी विद्यार्थी विचारतात, "मॅडम, यातली चांगली कुठली?" मी उलट विचारते, "तुला शोधून करायचं काय आहे?"

पहिली वाट संकराची, आणि कष्टाची. फूल उमलायच्या आधी इवलीशी कळी चिमट्यानं उघडायची, आतले दहा पुंकेसर काढायचे, दुसऱ्या वाणाचे परागकण लावायचे. झाडावरची आंब बोटांना चावते आणि एवढं करून बऱ्याच कळ्या गळून जातात. जे दाणे मिळतात त्यांची दुसरी पिढी आली की प्रत्येक झाडाचा एकेक दाणा पुढं पेरत सहा-सात पिढ्या न्यायच्या. शेवटी हाती येणाऱ्या प्रत्येक ओळीत आईबापांच्या डीएनएची वेगळी सरमिसळ स्थिर झालेली असते. मग मुळं मोजायची आणि कोणता डीएनए-मार्कर, म्हणजे डीएनएवरची ओळखखूण, कोणत्या मुळाबरोबर येतो ते पाहायचं.

हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत आयसीसी ४९५८ आणि आयसीसी १८८२ यांच्या संकरातून अशा २६४ ओळी तयार झाल्या. चौथ्या गुणसूत्राच्या एका तुकड्यावर मूळ, दाण्याचं वजन असे अनेक गुण एकत्र सापडले. एका गुणातला तर ५८ टक्क्यांपर्यंत फरक तिथूनच येत होता. पण तुकडा होता डीएनएच्या सुमारे ७७ लाख अक्षरांचा. म्हणजे तालुका सापडला, घर नाही. थोड्या पिढ्यांत गुणसूत्रांची अदलाबदल फारशी होत नाही, म्हणून तुकडे मोठेच राहतात. शिवाय या दोन वाणांत जो फरक नाही, तो या वाटेनं दिसणारच नाही. पुढं मार्कर दाट केल्यावर २०१५ मध्ये हा तुकडा सुमारे ३ लाख अक्षरांवर आणि २६ जनुकांवर आला.

दुसरी वाट खर्च वाचवते. सगळ्या ओळी तपासण्याऐवजी सर्वांत टपोऱ्या आणि सर्वांत बारीक दाण्याच्या ओळी निवडायच्या, दोन्ही गटांचा डीएनए वेगवेगळा एकत्र करून वाचायचा. जिथं दोन गटांत मोठी तफावत, तिथं जनुक जवळपास. जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये ही पद्धत भातावर मांडली. २०१६ मध्ये वरच्याच संकरावर वापरली, तेव्हा तिनंही चौथ्या गुणसूत्रावर बोट ठेवलं. ठळक परिणामाची जनुकं हिला सापडतात, थोडाथोडा हातभार लावणारी निसटतात.

तिसऱ्या वाटेला संकर लागत नाही. जनुकपेढीतले वाण घ्यायचे. त्यांच्यात शेकडो पिढ्यांची अदलाबदल आधीच झालेली असते, त्यामुळे पत्ता बारीक मिळतो. २०१९ मध्ये ४५ देशांतल्या ४२९ वाणांचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला. पण इथं नातेसंबंध फसवतात. काबुलीचा दाणा टपोरा आणि फूल पांढरं, देशीचा दाणा लहान आणि फूल बहुधा गुलाबी. नात्यागोत्याचा हिशेब वजा केला नाही, तर फुलाच्या रंगाचं जनुकही दाण्याचं वजन ठरवतंय असं गणित सांगू लागतं.

तिन्ही वाटांचा पाया मात्र मोजमापाचा. १२० सेंटिमीटर उंच नळकांड्यांत झाडं वाढवून, माती धुऊन काढून मुळं मोजतात. तिथं हयगय झाली की महागडं यंत्रही खोटंच बोलतं.

आता विद्यार्थ्यांना माझं उत्तर. जनुक काम कसं करतं हे समजून घ्यायचं असेल, तर घरापर्यंत जावंच लागेल. वाण सुधारायचा असेल, तर बरेचदा तालुका पुरतो. चौथ्या गुणसूत्राचा तो तुकडा अख्खाच जेजी ११ या वाणात उतरवला गेला, तोही त्यातल्या जनुकांची यादी २६ वर येण्याआधी. पुसा ३७२ मध्ये तो घालून पुसा चना १०२१६ हा वाण तयार झाला. तुकड्याबरोबर एखादा नको असलेला गुण येत असेल, तेव्हाच आणखी बारीक छाटणीवर पैसा घालावा.