‘हल्ली विसरायला होतं’ हे मोजायचं कसं?

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: हे तुम्ही मोजणार कसं? आज तोच प्रश्न रजोनिवृत्तीबाबत विचारू. पाळी जायच्या वयात अनेक जणी म्हणतात, “नावं आठवत नाहीत, हिशेबात लक्ष लागत नाही.” घरचे म्हणतात, वय झालं. पण कारण खरंच वय आहे का?

स्वॅन अभ्यास काय सांगतो?

अमेरिकेतल्या या अभ्यासात २,३६२ स्त्रियांच्या स्मरणाच्या आणि वेगाच्या चाचण्या चार वर्षं पुन्हा पुन्हा घेतल्या. निष्कर्ष २००९ मध्ये आले. तीच चाचणी परत दिली की सरावाने गुण वाढतात. पाळी अनियमित होण्याच्या काळात मात्र ही वाढ मंदावली. पाळी पूर्ण थांबल्यावर ती पुन्हा दिसू लागली. आता बघा, कारण फक्त वय असतं, तर पुढच्या वयात सुधारणा दिसली नसती. म्हणजे गुण किती, यापेक्षा ते कसे बदलले, हे महत्त्वाचं.

हिंगोलीत करायचं तर?

समजा, तुम्हाला हाच अभ्यास सेनगाव किंवा वसमत तालुक्यात करायचा आहे.

१) चाचणी: स्वॅनमधल्या एका चाचणीत चिन्हं आणि आकडे भराभर जुळवायचे असतात. शाळेत न गेलेल्या बाईला ती अवघड जाणारच. हरियाणातल्या बल्लभगडसाठी १९९० च्या दशकात ‘हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’ तयार झाली. तिच्यात ‘एक वाक्य लिहा’ऐवजी ‘तुमच्या घराबद्दल सांगा’ असं विचारतात. पण ती वृद्धांमधला स्मृतिभ्रंश ओळखण्यासाठी आहे. पंचेचाळिशीतल्या बहुतेकींना तिच्यात जवळपास पूर्ण गुण पडतील आणि बारीक फरक दिसणार नाही. म्हणून कल्पना घ्या, चाचणी जशीच्या तशी उचलू नका. ओळखीच्या शब्दांची यादी ऐकवून तोंडी विचारता येईल.

२) गट: सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती, ही व्याख्या ‘पिशवी काढलेल्या’ बाईला लागू होत नाही. अंडाशयं ठेवली असतील तर पाळी थांबूनही संप्रेरकं चालू असतात. तीही काढली असतील तर ती एकदम घटतात. या दोघींचे गट वेगळे ठेवा.

३) वेळ: पहिली भेट हळद काढणी-शिजवणीच्या धावपळीत आणि दुसरी निवांत दिवसांत घेतली, तर थकवा आणि झोपेचा फरक तुम्ही रजोनिवृत्तीच्या नावावर टाकाल. दरवर्षी हंगाम तोच ठेवा. हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ सुद्धा तपासा. त्यांच्या कमतरतेनेही विसरायला होतं.

एकदाच चाचणी घेऊन मोकळे झालात, तर कमी शिकलेल्या बाईवर ‘स्मरणशक्ती कमी’ असा शिक्का बसेल. तिची तुलना तिच्याशीच करा. प्रस्ताव लिहायला घेतलात की आधी एवढंच एका वाक्यात मांडा: कोणाची, कोणाशी, कधी तुलना?