फोनमधली रोजनिशी

मुळशी तालुक्यात पाऊस फार. भाताची लावणी म्हणजे दिवसभर चिखलात वाकून काम. कंबर धरते, पायांना चिखल्या होतात. घरी आले की चुलीचा धूर. पण महिन्याने कोणी विचारले, "बाई, कोणत्या दिवशी काय दुखले?" तर सांगता येईल का? माणूस विसरतो.

म्हणून आता मोबाईल फोनवर रोजनिशी ठेवण्याची रीत निघाली आहे. आज काय काम केले, काय खाल्ले, काय दुखले, हे रोज रात्री नोंदवायचे. लिहिणे जड गेले तर बोलून सांगायचे; फोन आवाज जपून ठेवतो. पुष्कळांच्या नोंदी ताडून पाहिल्या, की कोणत्या कामाने कोणते दुखणे येते ते कळते.

अशा विचारपुशीचा उपयोग होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ साली जिल्ह्यातील सहा गावांत पाहणी सुरू केली. तेव्हा खेड्यात मोबाईल नव्हते. माणसे घरोघर गेली, गरोदर बायांना खाणे विचारले. दिसले ते असे: पालेभाजी, फळे, दूध वरचेवर खाणाऱ्यांची बाळे जन्मताना अधिक भरलेली होती.

मात्र रोजनिशी ही घरातली गोष्ट. आधी विचारा: नोंद कोण वाचणार? नाव उघड होईल का? फोन घरात सगळ्यांचा असेल, तर तेही वाचतील. नको वाटले तर नाही म्हणा, मध्येच सोडा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांत हा हक्क दिला आहे. त्यापायी औषधपाणी अडवता येत नाही.

आणि ध्यानात ठेवा, रोजनिशी म्हणजे डॉक्टर नव्हे. दुखणे वाढले तर दवाखाना गाठा.